तीनशेचा आकडा टाकल्याने फोटो मोठा होत नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या, मंडळांच्या आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. फोटो कुठल्याही मापाच्या कॅनव्हासमध्ये, म्हणजे छपाईच्या कोऱ्या चौकटीत, कसा बसवायचा, त्याचे सोपे नियम. सारांश असा: फोटोशॉपच्या इमेज साइजमध्ये जाऊन रिझोल्यूशन ३०० करा, फोटो छपाईला तयार. कॅनव्हासमध्ये बसत नसेल तर शिफ्ट दाबून कोपरा ओढा, फोटो बिघडत नाही. तरी कडेला जागा उरलीच तर थोडा ताणा, पाच-दहा टक्के कोणाला कळत नाही. क्रॉप केल्याने क्वालिटी कमी होत नाही. डिजिटल फोटो कितीही वेळा लहान-मोठा करा, त्यातून काही जात नाही. आणि एवढं करूनही फोटो फाटला, म्हणजे त्यात ठोकळे दिसू लागले, तर एआय आहेच.

यातलं एक वाक्य कधीकाळी खरं होतं, एक अर्धं खरं आहे. बाकीची चूक आहेत. मी नौपाड्यात डिझाइनचं काम करते. बॅनर, लग्नपत्रिका, स्मरणिका, फॉर्मचे फोटो असं सगळं; छपाईची फाइल वागळे इस्टेटला जाते. हा मेसेज वाचून लोक हल्ली घरूनच फाइल तयार करून आणतात, आणि त्यात माणसांचे चेहरे पसरलेले किंवा फाटलेले असतात. फ्लेक्स एकदा छापला की छापला. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ३०० चा. फोटोत असतात ते पिक्सल, म्हणजे रंगाचे बारीक ठिपके. मोबाइलच्या बारा मेगापिक्सलच्या फोटोत ४००० आडवे आणि ३००० उभे, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सल. रिझोल्यूशनचा आकडा एवढंच सांगतो की छापताना एका इंचात यातले किती मांडायचे. ७२ असेल तर ते ४००० पिक्सल साडेपंचावन्न इंचांवर पसरतील, ३०० असेल तर सव्वातेरा इंचांत मावतील. पिक्सल तेवढेच. पोळी मोठी लाटली म्हणून कणीक वाढत नाही.

फोटोशॉपच्या इमेज साइज खिडकीत 'रीसॅम्पल' नावाची एक टिक असते. ती काढून ७२ चे ३०० केलेत तर फोटोतला एक पिक्सलसुद्धा बदलत नाही, फक्त फाइलवरची नोंद बदलते. टिक तशीच ठेवून केलंत तर ४००० × ३००० चा फोटो १६,६६७ × १२,५०० होतो. म्हणजे २० कोटी ८० लाख पिक्सल, आणि त्यातले कॅमेऱ्याने टिपलेले १ कोटी २० लाखच. शंभरातले चौऱ्याण्णव सॉफ्टवेअरने शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले. फाइल जड होते, आणि जड फाइल म्हणजे चांगली फाइल असा समज होतो. त्या फोटोतला साडीचा काठ मोठा करून बघा. नक्षी वाढलेली नसते, फक्त मऊ आणि धूसर झालेली असते.

शिवाय ३०० हा आकडा प्रत्येक कामाला लागतही नाही. तो आला कुठून ते बघा. साधारण चांगल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं दिसतं. फूटभरावर धरलेल्या कागदावर ते भरतं इंचाला तीनशेच्या आसपास. म्हणून लग्नपत्रिका, स्मरणिका, व्हिजिटिंग कार्ड यांना ३०० हवेत. पण तलावपाळीला रस्त्यापलीकडे लावलेला फ्लेक्स कोणी फूटभरावरून वाचत नाही. पाच मीटरवरून डोळ्याला जेमतेम दीड मिलिमीटरचा ठिपका वेगळा दिसतो, म्हणजे इंचाला सतरा-अठरा पिक्सल पुरतात.

आता दहा बाय चार फुटांचा फ्लेक्स ३०० ने करायचा तर फाइल ३६,००० × १४,४०० पिक्सलची होते. साधी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची नेहमीची फाइल एका बाजूला ३०,००० पिक्सलच्या पुढे जातच नाही, म्हणजे ती सेव्हसुद्धा व्हायची नाही. पीएसबी ही मोठ्या मापाची फाइल करावी लागेल आणि लॅपटॉप घरघरत बसेल. तोच फ्लेक्स मोबाइलच्या साध्या ४००० पिक्सल रुंद फोटोने भरला तर १२० इंचांना ४०००, म्हणजे इंचाला ३३. तीन मीटर लांबून तो स्वच्छ दिसतो. डोक्यात ठेवायचा हिशेब एकच: फोटोचे पिक्सल भागिले छपाईचे इंच, आणि आलेला आकडा माणूस किती लांबून बघणार आहे त्याच्याशी ताडून बघायचा.

शिफ्टचा मुद्दा कधीकाळी खरा होता. २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत फोटोशॉपमध्ये कंट्रोल-टी (आकार बदलायची कळ) करून कोपरा ओढताना शिफ्ट दाबली तरच लांबी-रुंदीचं प्रमाण टिकायचं. त्या महिन्यात आलेल्या सीसी २०१९ मध्ये अडोबीने हे उलटं केलं. आता काही न दाबता ओढलं तर प्रमाण टिकतं आणि शिफ्ट दाबली की फोटो वेडावाकडा ताणला जातो. प्रेफरन्सेसमध्ये जुनी पद्धत चालू करता येते, पण बहुतेकांनी ती केलेली नसते. कोरलड्रॉ या डिझाइनच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे आमच्या कोरलमध्ये, तर शिफ्टचं काम तिसरंच: कोपरा ओढला की प्रमाण आपोआप टिकतं, आणि शिफ्ट दाबली तर वस्तू मध्यापासून मोठी होते. मेसेजमधली सूचना जुन्या आवृत्तीवरून उचललेली आहे. ती प्रामाणिकपणे पाळणाऱ्याचाच फोटो बिघडतो, हे मला फार लागतं.

आता ताणण्याचं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. 'पाच-दहा टक्के कळत नाही' म्हणणाऱ्याने गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा एखादा फोटो घ्यावा. नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका, मागे ढोल. मोबाइलचा फोटो ४:३ च्या प्रमाणात असतो, सहा बाय चार इंचांची प्रिंट ३:२ च्या. पूर्ण कागद भरायला हा फोटो ताणला तर रुंदी साडेबारा टक्क्यांनी वाढते. मग बुलेटची चाकं बघा, अंड्यासारखी झालेली असतात. कपाळावरची गोल टिकली लंबगोल होते. नथीतले मोती आडवे होतात, ढोलाचं पान पसरतं. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण 'मी यात जाड दिसतेय' हे ती बाई पहिल्या क्षणी म्हणते. तिचं बरोबर असतं. ती तशी नाहीच. आणि दहा बाय चारच्या फ्लेक्सला तर पाच-दहा टक्क्यांनी काही भागतच नाही. ४:३ चा फोटो तिथे ताणून बसवायचा तर रुंदी जवळजवळ पावणेदोन-दोन पट करावी लागते. लोक तेही करतात. रस्त्यावर मान वर केली की दिसतं.

फोटोचं प्रमाण आणि कॅनव्हासचं प्रमाण जुळत नसेल तर प्रामाणिक मार्ग तीनच: कापा, जागा सोडा किंवा आजूबाजूची पार्श्वभूमी वाढवा. कापायचं तर ४००० × ३००० मधून दहा बाय चारसाठी ४००० × १६०० ची पट्टी मिळते. वरचं आभाळ आणि खालचा रस्ता गेला तर बिघडत नाही. पण मागच्या रांगेतल्यांची डोकी जात असतील तर कापू नका, जागा सोडा. माझा कल बहुतेक वेळा इकडेच असतो. चार फूट उंचीला पूर्ण फोटो न कापता लावला तर त्याची रुंदी पाच फूट चार इंच होते. उरलेले चार फूट आठ इंच मजकुराला मिळतात, आणि मंडळाचं नाव, तारीख, वेळ यांना जागा लागतेच. फोटो पूर्ण फ्लेक्सभर असलाच पाहिजे हा हट्ट सोडला की निम्मे प्रश्न उरत नाहीत.

तिसरा मार्ग जपून वापरायचा. फोटोशॉपमध्ये २००८ पासून, म्हणजे सीएस४ पासून, कंटेंट-अवेअर स्केल आहे. ते आभाळ, भिंत, पाणी असा सपाट भाग ताणतं आणि मुख्य वस्तू शक्य तितकी शाबूत ठेवतं. उपवनच्या तलावासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या फोटोला ते चालतं, गर्दीच्या फोटोत मात्र कोणाचा तरी हात वाकतो. २०२३ पासून आलेलं जनरेटिव्ह एक्स्पांड कडेचं आभाळ नि रस्ता छान वाढवतं. कडेला अर्धा माणूस असेल तर त्याचा उरलेला अर्धा ते मनाने काढतं, आणि ती व्यक्ती मग कोणाच्याच ओळखीची नसते.

बसवताना फोटो थेट ओढू नका. कॅनव्हासच्या मापाची चौकट काढा आणि फोटो तिच्या आत टाका: कोरलमध्ये पॉवरक्लिप, फोटोशॉपमध्ये क्लिपिंग मास्क. मग आतला फोटो वर-खाली सरकवून चेहरे बघत बघत जागा ठरवता येते. फोटोशॉपमध्ये तो स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो आत जपणारा थर) असेल तर कंट्रोल-टी केल्यावर वरच्या पट्टीत रुंदी आणि उंचीचे टक्के दिसतात. दोन्ही आकडे सारखे असतील तर चेहरा जसाच्या तसा आहे. वेगळे असतील तर छपाईला देऊ नका.

फॉर्मच्या फोटोचंही हेच. ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० ने साधारण ४१३ × ५३१ पिक्सलचा होतो. चौकोनी सेल्फी त्यात दाबून बसवला की चेहरा बावीस टक्क्यांनी अरुंद होतो. ज्या फोटोवरून मुलाची ओळख पटवायची तोच फोटो दाबायचा, यात कसला सोपेपणा? दोन्ही कडा कापा, फोटो बसतो.

क्रॉपचं विधान अर्धं खरं आहे. क्रॉप केल्यावर उरलेला प्रत्येक पिक्सल आधीसारखाच असतो, हे मान्य. पण उरतात कमी. चाळीस जणांच्या ग्रुप फोटोतून एकाचा चेहरा काढला तर तो दोनशे पिक्सल रुंद भरतो. वाढदिवसाच्या बॅनरवर तोच चेहरा दोन फुटांचा केला की इंचाला आठ पिक्सल. फाटणारच. आणि 'डिलीट क्रॉप्ड पिक्सल्स' ही टिक काढून क्रॉप करत जा, म्हणजे पीएसडीमध्ये कापलेला भाग लपलेला राहतो आणि उद्या माप बदललं तर परत मिळतो. जेपेगमध्ये, म्हणजे मोबाइलच्या नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, ही सोय नाही.

लहान-मोठा कितीही वेळा करा, हे सरळ चुकीचं आहे. ४००० चा फोटो ८०० वर आणला की शंभरातले शहाण्णव पिक्सल जातात, आणि पुन्हा ४००० केल्यावर ते परत येत नाहीत. यासाठीच २००५ च्या सीएस२ मध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट आला. त्यात मूळ फोटो आत जपलेला राहतो, बाहेरून कितीदाही लहान-मोठा करता येतो. जेपेगचं आणखी एक: तो फोटोचे आठ बाय आठ पिक्सलचे चौकोन करून दाबतो, आणि बदल करून दर वेळी नव्याने सेव्ह केलं की थोडं आणखी गमावतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आधी लहान होतो, मग दाबला जातो. मंडळाच्या ग्रुपवरून चार हात फिरलेला फोटो आम्हाला देऊ नका. ज्याने काढला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा. तसा पाठवला की तो मूळ मापात येतो.

राहता राहिला एआय. तो निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. फोटोशॉपसोबत येणाऱ्या कॅमेरा रॉमध्ये २०२१ साली आलेलं सुपर रिझोल्यूशन प्रत्येक बाजू दुप्पट करतं आणि झाडं, इमारती, मंदिराचं कोरीवकाम याला त्याचा उपयोग होतो. माझा विरोध आहे तो लहान चेहरा मोठा करायला. दीडशे पिक्सलच्या चेहऱ्यात डोळ्यांची बाहुली दोन-चार पिक्सलची असते. त्यातून एआय पापण्या, दात, सुरकुत्या काढतो, त्या शिकलेल्या असंख्य चेहऱ्यांच्या सरासरीवरून. चेहरा स्वच्छ दिसतो आणि परका होतो.

श्रद्धांजलीच्या फलकाला हे चालणारच नाही. तिथे घरचे लोक बहुतेक वेळा वडिलांच्या व्हॉट्सअॅप डीपीचा स्क्रीनशॉट आणतात, कारण हाताशी तोच असतो. मी त्यांना कपाटातला कागदी पासपोर्ट फोटो शोधायला सांगते. तो ६०० ने स्कॅन केला तर ८२७ × १०६३ पिक्सल मिळतात. फलकावर दोन फूट रुंद लावला तरी इंचाला ३४ पिक्सल पडतात, आणि सोसायटीच्या गेटवर तेवढे पुरतात. फ्रेममधला फोटो असेल तर काच काढून स्कॅन करा. मोबाइलने काचेवरूनच फोटो काढला की ट्यूबलाइटची चमक नेमकी कपाळावर येते आणि कडा तिरक्या होतात. एवढं करूनही एआय वापरायचाच असेल तर छापण्याआधी तो चेहरा शंभर टक्के झूमवर घरातल्या माणसाला दाखवा. 'हे बाबांसारखे दिसत नाहीत' असं त्यांच्या तोंडून आलं तर ती फाइल बाजूला ठेवा आणि स्कॅनमधला फोटो दोनऐवजी दीड फुटांचा लावा.