कॉकपिट व्ह्यू हा अडथळा नव्हे : एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

लढाऊ विमानांची सिम्युलेटर्स खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि नव्याने जॉयस्टिक घेतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या कानावर तो पडतो. त्याचा आशय असा : कॉकपिट व्ह्यू, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरून दिसणारे दृश्य, दिसायला छान असतो, पण डॉगफाइट, म्हणजे विमानांची जवळून होणारी झुंज, जिंकायची असेल तर बाहेरचा कॅमेरा किंवा पॅडलॉक (शत्रूवर आपोआप खिळून राहणारा कॅमेरा) वापरावा, कॅनपीच्या, म्हणजे कॉकपिटावरच्या काचेच्या झाकणाच्या, पट्ट्या निम्मे आकाश झाकतात, कॉकपिटात बसायचेच असेल तर झूम लावूनच ठेवावा, आणि ज्याच्याकडे हेड ट्रॅकर (डोके वळेल तसे दृश्य फिरवणारे साधन) किंवा व्हीआर हेडसेट नाही त्याने त्या वाटेला जाऊच नये. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु यातले प्रत्येक विधान एकतर चुकीचे आहे किंवा एका खेळात खरे असलेले दुसऱ्या खेळावर लादलेले आहे, आणि त्यापायी नवे खेळाडू ज्या सवयी लावून घेतात त्या पुढे मोडणे फार जड जाते.

बाहेरच्या कॅमेऱ्याचा मुद्दा आधी घेतो, कारण सल्ल्याचा उगम मला तिथेच दिसतो. ‘वॉर थंडर’ या खेळाच्या आर्केड आणि रिअॅलिस्टिक लढतींत विमान मागून दिसते, माउस जिकडे न्यावा तिकडे ते वळते, आणि तिथे कॉकपिटात बसणाऱ्याचे नुकसान होते हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच खेळाच्या सिम्युलेटर लढतींत कॉकपिटाबाहेरून लढता येत नाही. ‘इल-२ श्तुर्मोविक’च्या जुन्या मालिकेत तर कॉकपिट कायम ठेवणे, बाहेरचे दृश्य बंद करणे आणि पॅडलॉक बंद करणे हे तीन स्वतंत्र पर्याय काठिण्याच्या यादीत होते, आणि गंभीरपणे खेळणारे सर्व्हर ते तिन्ही लावून ठेवत. म्हणजे ज्या ठिकाणी डॉगफाइट खऱ्या अर्थाने शिकायला मिळते, त्याच ठिकाणी हा सल्ला निरुपयोगी ठरतो. शिवाय जिथे बाहेरचे दृश्य चालते, तिथेही त्यात कॉकपिटातली गनसाइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, नसते, आणि कॅमेरा विमानापासून काही मीटर मागे व वर असल्यामुळे जवळच्या शत्रूची दिशा वैमानिकाच्या डोळ्यांतून दिसते तशी दिसत नाही. अंतर जितके कमी, तितका हा फरक मोठा होतो, आणि गोळीबार तर जवळूनच करायचा असतो.

आता पट्ट्यांचा मुद्दा, आणि यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे. कॅनपीच्या पट्ट्या आकाशाचा काही भाग झाकतात, हे खरेच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट बीएफ-१०९ या जर्मन विमानाचे कॉकपिट अरुंद, त्याच्या पट्ट्या जाड, आणि वैमानिकाच्या डोक्यामागच्या चिलखती पत्र्यामुळे मागचे दिसणे आणखी अवघड होते. पी-५१ मस्टँग या अमेरिकन विमानाच्या ‘बी’ प्रकारातही मागे पाहण्याची अडचण होती. म्हणून आधी त्यावर माल्कम हूड हे फुगीर काचेचे झाकण बसवण्यात आले आणि पुढे ‘डी’ प्रकाराला बुडबुड्यासारखी कॅनपी मिळाली. अभियंत्यांनी यासाठी एवढा खटाटोप केला, याचा अर्थ कोणाला किती दिसते हा विमानाच्या ताकदीचाच एक भाग होता. बाहेरच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर ‘बी’ आणि ‘डी’ यांच्यातला हा फरक पुसला जातो आणि १०९ चा दोषही नाहीसा होतो. ज्याला ही विमाने समजून घ्यायची आहेत, त्याच्यासाठी हा तोटा लहान नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे याच पट्ट्या मोजपट्टीचे काम करतात. शत्रू कॅनपीच्या चौकटीतल्या एका ठिकाणी स्थिर राहिला आणि आकाराने वाढत गेला, तर दोघांचे मार्ग एका बिंदूला मिळत आहेत. समुद्रावर टक्कर टाळण्यासाठी खलाशी हाच नियम वापरतात. शत्रू चौकटीवरून पुढे सरकत असेल तर आपल्याला ओलांडून जाण्याच्या बेतात आहे. मागे सरकत असेल तर आपल्या शेपटीकडे येतो आहे. पट्टीला टेकून सरकणारा ठिपका किती वेगाने सरकतो, यावरून वळण आत्ता घट्ट करायचे की क्षणभर थांबायचे हे ठरते. रिकाम्या आकाशात हा वेग डोळ्यांना उमगत नाही, कारण त्याला लागून स्थिर असे काहीच नसते. कॉकपिट लपवून केवळ गनसाइट दाखवणारा व्ह्यू वापरणारे खेळाडू नेमके हेच गमावतात, आणि मग शत्रूला ओलांडून पुढे का गेलो, हे त्यांना कळत नाही.

मागे लागलेल्या शत्रूकडे पाहतानाही असेच आहे. दोघेही एकाच पातळीत वळत असताना मागे वळून पाहावे आणि त्याच्या विमानाचा कोणता भाग दिसतो ते नीट न्याहाळावे. वरची बाजू दिसत असेल तर त्याचे नाक आपल्या मागे रोखलेले आहे आणि तूर्त धोका कमी आहे. नाक आणि प्रोपेलरचे वर्तुळ समोरासमोर दिसत असेल तर तो थेट आपल्यावर रोखून आहे. पोट दिसू लागले तर त्याने आपल्या पुढे नेम धरला आहे आणि गोळ्या कोणत्याही क्षणी सुटतील. झटकन दिशा बदलून त्याच्या नेमातून निसटायची वेळ हीच. मागचा भाग पत्र्याने झाकलेला असेल तर रडर (शेपटीचे सुकाणू) हलकेच दाबून शेपूट बाजूला न्यावी, म्हणजे लपलेला तुकडा उघडा पडतो.

पॅडलॉकची बाजू मी थोडक्यात मांडतो. कॅमेरा शत्रूला आपोआप धरून ठेवतो ही सोय आहे, आणि हातांच्या मर्यादेमुळे ज्यांना बटणे भराभर दाबणे शक्य नाही त्यांच्यासाठी ती मोलाची आहे. पण दृश्य सतत फिरत राहिल्यामुळे आपले नाक कुठे आहे, क्षितिज कुठे गेले, जमीन किती जवळ आली, याचे भान सुटते. शिवाय पॅडलॉक एकाच विमानाला धरतो; त्याचा जोडीदार कुठून येतो आहे, ते शोधण्याचे काम आपल्याकडेच राहते.

झूमबद्दलचा सल्ला आकड्यांनी तपासता येतो. दहा मीटर पंखविस्ताराचे विमान, म्हणजे साधारण १०९ एवढे, १००० मीटरवर आहे आणि पडदा १९२० पिक्सेल रुंद आहे असे धरू. ९० अंशांच्या रुंद दृश्यात ते सुमारे १० पिक्सेलांचे दिसते, ७० अंशांत १४ पिक्सेलांचे आणि झूम लावलेल्या ३० अंशांत ३६ पिक्सेलांचे. म्हणजे झूमशिवाय शत्रूचे पोट दिसते की पाठ हे ओळखणे कठीण, आणि झूम लावून ठेवला तर आजूबाजूचे साठ अंश आकाश आपण स्वतःच झाकून टाकतो, जे कोणत्याही पट्टीने झाकलेल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणून शोध रुंद दृश्यात घ्यावा, ओळख पटवताना आणि ट्रिगर दाबताना ते अरुंद करावे, आणि बोट ट्रिगरवरून उचलताच परत रुंद करावे. हे बटण जॉयस्टिकवरच असले पाहिजे. कीबोर्डवर शोधायला गेले तर तेवढ्यात शत्रू निसटतो.

राहिला हेड ट्रॅकर. तो असेल तर उत्तमच, कारण डोके बाजूला झुकवून पट्टीमागे डोकावता येते. ओपनट्रॅक या मोफत प्रणालीने साध्या वेबकॅमवरही हे काम होते. पण तो नसल्यास कॉकपिट सोडून द्यावे, हे मला अजिबात मान्य नाही. जॉयस्टिकवरच्या आठ दिशांच्या हॅट स्विचवर (अंगठ्याने ढकलायच्या बटणावर) स्नॅप व्ह्यू, म्हणजे ठरलेल्या दिशेला झटकन वळणारी दृश्ये, लावले तर नजर क्षणात वळते, आणि आपण कुठे पाहतो आहोत हे अंगठ्यालाच ठाऊक असते. शिस्त एवढीच पाळायची की शत्रू एका खिडकीतून बाहेर पडण्याआधी तो पुढे कोणत्या खिडकीत उगवणार, याचा अंदाज बांधलेला असावा. तो डाव्या खिडकीत दिसला की विमान डावीकडे कलते करून त्याला डोक्यावरच्या खिडकीत आणावे, मग वर पाहतच स्टिक ओढावी. तो कॅनपीच्या वरच्या कडेवरून खाली घसरत समोरच्या काचेकडे येऊ लागला की नजर पुढे घ्यावी. मधूनमधून अर्धा सेकंद वेग आणि उंची पाहावी आणि पुन्हा वर जावे. याचा सराव करण्यासाठी नवशिक्या पातळीचे एकच संगणकी विमान घ्यावे, गोळ्या झाडू नयेत, आणि ते सलग किती वेळ नजरेत ठेवता येते एवढेच पाहावे.