घोरण्याचे जनुक आणि आमच्या घराण्याचा खर्ज

गेल्या महिनाभरात एकच संदेश मला तीनदा आला : गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर, नातेवाइकांच्या गटावर आणि सकाळी गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारणाऱ्या मंडळींच्या गटावर. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. शास्त्रज्ञांना घोरण्याचे आणि झोपेत श्वास अडकण्याचे जनुक सापडले आहे, त्यामुळे बाप घोरत असेल तर मुलगा घोरणारच. हा त्रास फक्त लठ्ठ माणसांना होतो, सडपातळ माणसाने चिंता करू नये. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे. श्वासाचे मशीन एकदा लावले की फुफ्फुसे आळशी होतात आणि ते जन्मभर सुटत नाही. लाळेच्या तपासणीत सगळे कळते, रात्रभराची तपासणी हा पैशाचा खेळ आहे. शेवटी अर्थातच ‘जनहितार्थ पुढे पाठवा’.

आजार जन्मतः ठरलेला असतो आणि तो फक्त वजनाने होतो, अशी दोन्ही विधाने एकाच दमात करणाऱ्या या संदेशाकडे मी दुर्लक्ष केले असते. परंतु त्याच्या आधारे आमच्या नात्यातल्या दोघांनी ठरलेली तपासणी रद्द केली, म्हणून हा प्रतिवाद.

पहिला मुद्दा जनुकाचा. हा आजार, म्हणजे अवरोधक स्लीप ॲप्निया, घराण्यात चालतो हे खरे आहे. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या कुटुंब-अभ्यासातून असे दिसले की रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत हा त्रास इतरांपेक्षा दीड ते दोन पट अधिक आढळतो आणि झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो या आकड्याची आनुवंशिकता साधारण ३५ ते ४० टक्के भरते. मात्र या टक्केवारीचा अर्थ ‘माझा ४० टक्के आजार वडिलांकडून आला’ असा होत नाही. ती एका व्यक्तीविषयी काही सांगतच नाही. एका लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांमधील फरकाने समजावून देता येतो, एवढेच ती सांगते.

आपल्याकडे याचे उदाहरण बागेत उभे आहे. डॉगरीज खुंटावर थॉम्पसनची कलमे भरून लावलेली एकरभर द्राक्षबाग घ्या. सगळ्या वेली एकाच वेलीच्या प्रती असल्याने त्यांच्यात जनुकीय फरक जवळजवळ नाही. तरीही बांधाजवळची ओळ आणि मधली ओळ यांच्या घडांची गोडी सारखी नसते, कारण पाणी, ऊन, गोडी छाटणीचा हात आणि घडांची विरळणी वेगळी पडते. त्या बागेपुरती गोडीतील फरकाची आनुवंशिकता जवळपास शून्य निघेल. म्हणून गोडीशी जनुकांचा संबंधच नाही असे कोणी बागाईतदार म्हणणार नाही. समूह बदलला की आकडा बदलतो, आणि क्लीव्हलंडचा आकडा उचलून निफाडच्या माणसाच्या कपाळी चिकटवता येत नाही.

‘सापडलेले जनुक’ या शब्दांमागचा इतिहासही सरळ नाही. २००१ मध्ये एपीओई या जनुकाच्या एका प्रकाराशी या आजाराचा संबंध असल्याचे प्रसिद्ध झाले होते. पुढे इतर समूहांत तो सातत्याने आढळला नाही. त्यानंतर संशोधकांनी एकेका संशयित जनुकामागे लागणे कमी करून संपूर्ण जनुकसंच चाळायला सुरुवात केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या अभ्यासात २,१७,९५५ लोकांची माहिती होती आणि त्यांपैकी १६,७६१ जणांना हा आजार होता. एवढा मोठा गोतावळा तपासून हाती आली ती जनुकसंचातील मोजकी ठिकाणे, प्रत्येकाचा परिणाम अगदी लहान. आणि सगळ्या सामान्य फरकांची बेरीज करूनही आनुवंशिकता ८ टक्क्यांच्या आसपास. त्या ठिकाणांपैकी एक एफटीओ हे जनुक वजनाशी जोडलेले म्हणून आधीपासूनच ओळखीचे होते, आणि वजनाचा हिशेब वजा करताच त्याचा आजाराशी दिसणारा संबंध उरला नाही. म्हणजे ते जनुक श्वास अडवत नाही. ते वजनाच्या वाटेने घशापर्यंत पोहोचते. कुटुंबांतून दिसणारी आनुवंशिकता आणि जनुकसंचात सापडलेली आनुवंशिकता यांतले हे अंतर अजून भरून निघालेले नाही. ‘घोरण्याचे जनुक’ असे एकवचन ज्याने लिहिले, त्याने यातले काही वाचलेले नसावे.

मग वारशाने येते तरी काय? येतात ते सुटे भाग. जबड्याची लांबी, हनुवटी किती मागे आहे, जिभेचा आकार, टाळूची ठेवण, चरबी शरीरात कोठे साठते, आणि श्वासावर मेंदूचे नियंत्रण कसे चालते. नाकामागून स्वरयंत्रापर्यंतच्या नळीला श्वासनलिकेसारख्या कुर्चांच्या कड्या नसतात. तिला उघडे ठेवायचे काम जिभेचे आणि घशाचे स्नायू करतात. झोपेत ते सैल पडतात, आत ओढलेल्या श्वासाबरोबर भिंती आत खेचल्या जातात, आणि जागा मुळातच अरुंद असेल तर नळी मिटते. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक अडथळा मोजतात. असे अडथळे, त्यांत अर्धवट अडलेले श्वासही आले, तासाला ५ पर्यंत असतील तर चालते. ३० च्या वर गेले की आजार तीव्र समजला जातो.

अरुंद घसा हेही एकमेव कारण नाही, आणि संदेशात तर याचा मागमूसही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की जवळपास ७० टक्के रुग्णांत घशाच्या रचनेव्यतिरिक्त आणखी एखादा दोष होता : कोणाची झोप थोड्याशा धक्क्याने मोडते, कोणाचे घशाचे स्नायू गरजेच्या वेळी पुरेसे ताणले जात नाहीत, तर कोणाचे श्वासाचे नियंत्रण अतिउत्साही असते. हा शेवटचा प्रकार समजून घ्यायचा तर डिसेंबरात नाशिकच्या थंडीत गिझरच्या नळाखाली उभे राहावे. पाणी गार लागले म्हणून गरम नळ एकदम फिरवावा, मग अंग भाजते म्हणून तेवढ्याच घाईने गार नळ सोडावा, आणि आंघोळ संपेपर्यंत पाणी काही कोमट होत नाही. अशा रुग्णाचा मेंदू रक्तातील कार्बन डायऑक्साइड किंचित वाढताच जोरजोराने श्वास घेववतो, मग कार्बन डायऑक्साइड फार खाली गेला की श्वासाची ओढच मंदावते, स्नायू पुन्हा सैल पडतात आणि फेरा चालू राहतो.

दुसरा मुद्दा : बारीक माणसाला होत नाही. येथे मी माझ्या मामांचा दाखला देतो. मामा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागाईतदार. वजन ५८ किलो, हनुवटी इतकी मागे की मानेला टेकल्यासारखी दिसते. आमच्याकडच्या लग्नाच्या आदल्या रात्री ते हॉलमध्ये माझ्या शेजारी झोपले होते. घोरणे चालू असेपर्यंत मला काही वाटले नाही. ते थांबले तेव्हा मी उठून बसलो. छाती खाली जात होती, पोट वर येत होते, पुन्हा उलटे, आणि नाकातोंडातून वारा म्हणून नव्हता. मी मोबाइलवर सेकंद मोजू लागलो. ३१ झाले, मग पाय झटकला, गळ्यातून हंबरल्यासारखा आवाज आला आणि श्वास सुटला. मिनिटभरात पुन्हा तेच. सकाळी चहा पिताना मामा म्हणाले, ‘‘झोप काय झकास लागली!’’ मामी म्हणाल्या की हा आमच्या सासऱ्यांपासूनचा घराण्याचा खर्ज आहे. पुढे छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून घरीच झालेल्या तपासणीत आकडा निघाला तासाला ३८.

मामा अपवाद नाहीत. चिनी वंशाच्या आणि गोऱ्या रुग्णांची तुलना केली असता, वजन-उंचीचे गुणोत्तर सारखे असताना चिनी रुग्णांत आजार अधिक तीव्र आढळला आहे, आणि त्याचे एक मोठे कारण जबड्याची व चेहऱ्याच्या हाडांची ठेवण हे मानले जाते. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषाच ३० ऐवजी २५ वर धरतात, हे येथे विसरून चालत नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचे अडथळे होते, तर ७.५ टक्क्यांना त्याबरोबर दिवसा झोप येण्याचाही त्रास होता. लहान मुलांत टॉन्सिल आणि ॲडेनॉइड वाढल्याने, स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर, थायरॉइड मंदावल्याने, रात्रीच्या मद्यपानाने आणि काहींना केवळ उताणे झोपल्यानेही हाच त्रास होतो किंवा वाढतो.

अर्थात वजनाचा वाटा नाकारणे हाही खोटेपणाच ठरेल. विस्कॉन्सिनमध्ये चार वर्षांच्या अंतराने केलेल्या मोजणीत वजन १० टक्के वाढलेल्यांत अडथळ्यांचा आकडा सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेला आणि १० टक्के घटलेल्यांत २६ टक्क्यांनी घटलेला दिसला. चरबी केवळ पोटावर नव्हे, जिभेतही साठते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला, लठ्ठपणाबरोबर मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी मान्यता मिळाली. मुद्दा ‘फक्त’ या शब्दाचा आहे. तो काढला तर संदेशातले ते वाक्य बऱ्यापैकी टिकेल.

गाढ झोपेबद्दल फार लिहायला नको. प्रत्येक अडथळा मोडायला मेंदूला क्षणभर जागे व्हावे लागते. मामांच्या बाबतीत ते रात्रीत दोनशेहून अधिक वेळा घडत होते, आणि म्हणूनच पिंपळगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. प्रत्येक घोरणाऱ्याला हा आजार असतो असे मात्र नाही.

मशीनचेही तसेच. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवर प्रथम वापरलेले हे यंत्र फुफ्फुसांचे काम करत नाही. ते नाकातून हवेचा सौम्य दाब देऊन घशाची नळी आतून टेकू दिल्यासारखी उघडी ठेवते. श्वास रुग्ण स्वतःच घेतो. मास्क काढला की त्रास परत येतो, तो सवयीमुळे नव्हे, तर घसा पूर्वी होता तसाच राहिल्यामुळे. चष्मा काढल्यावर अक्षरे पुसट दिसतात म्हणून चष्म्याने डोळे बिघडवले असे आपण म्हणत नाही. या यंत्राबद्दलचे अवास्तव दावेही मला मान्य नाहीत. हृदयविकार वा पक्षाघाताचा इतिहास असलेल्या २,७१७ रुग्णांवरील २०१६ च्या चाचणीत अशा पुढच्या घटना त्याने कमी झाल्याचे दिसले नाही. दिवसाची झोप आणि मनःस्थिती मात्र सुधारली. त्या रुग्णांनी मास्क रात्री सरासरी साडेतीन तासही वापरला नव्हता, हेही नोंदले पाहिजे.

राहिली लाळेची, म्हणजे लाळेतून जनुके पाहण्याची तपासणी. जनुकसंचातील जी ठिकाणे लाखो लोकांत मिळून एवढीशी धूसर खूण देतात, ती एका माणसाला आज रात्री त्याचा श्वास किती वेळा अडेल हे सांगू शकत नाहीत. ते सांगतो छातीचा पट्टा, बोटाचा चिमटा आणि त्याआधी शेजारी झोपणारे माणूस. मामांचा थोरला मुलगा वडिलांची हनुवटी घेऊन आला आहे, धाकटा मामींच्या तोंडवळ्याचा आहे. तपासणी रद्द करणाऱ्या दोघांपैकी एक तो थोरला. मी त्याच्या बायकोला रात्री त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगितले. ती फीत ४० सेकंदांची आहे आणि त्यांतली २७ सेकंद भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येते. त्याने तपासणीची वेळ पुन्हा घेतली आहे. ती फीत नातेवाइकांच्या गटावर टाकायला मात्र त्याने साफ नकार दिला.