सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको
सोलापूरच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय की आई कामावर गेल्यावर बाळ सांभाळणाऱ्या मावशींनी, आज्जींनी तासातासाला चमचाभर पाणी पाजायचं, नाहीतर ऊन लागतं. हे चूक आहे ओ. आईच्या दुधात जवळपास 88 टक्के पाणीच असतं, त्यामुळं आपल्या 42-43 डिग्रीतसुद्धा पहिले सहा महिने वरचं पाणी लागत नाही, जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. पाण्यानं इवलंसं पोट भरतं, दूध कमी जातं, जुलाबाची भीती वेगळीच. आईनं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवावं, वाटी-चमच्यानं पाजावं. लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं तर मात्र लगेच डॉक्टरकडं न्या. काळजीपोटीच पाठवताय सगळे, कळतंय, पण तो मेसेज आता पुढं पाठवू नका.