घरोघरी बंदूक म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चालू आहे. मागच्या गल्लीत घरफोडी झाली, दागिने गेले, सीसीटीव्हीत तोंडाला दुपट्टा बांधलेली दोन पोरं दिसली. झालं. एका उत्साही सदस्याने सुचवलं की सगळ्यांनी मिळून पोलिस आयुक्तालयात अर्ज द्यायचा, शस्त्र परवाने सोपे करा म्हणून. अमेरिकेत घरोघरी बंदूक असते, चोराची आत पाय ठेवायची हिंमत होत नाही, वगैरे वगैरे. अंगठ्यांचा पाऊस पडला. मी दोन ओळी विरोधात लिहिल्या तर लगेच "काका, तुम्ही फार सॉफ्ट आहात" असं उत्तर आलं. ग्रुपवर लांब लिहिलं की कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितो. ज्यांना वाचायचं ते वाचतील.

आधी आपल्या नागपुरात चोऱ्या होतात कशा ते बघा ना. बेसा घ्या, मनीषनगर घ्या. घरचे लग्नाला गावी गेलेले, दाराला कुलूप, अंगणात दोन दिवसांचे पेपर पडलेले. रात्री कोयंडा तुटतो. घरात माणूसच नाही तर बंदूक चालवणार कोण? उलट दागिन्यांसोबत तीही जाणार आणि पुढे कोणाच्या कमरेला लागेल याचा पत्ता नाही. दुसरा प्रकार मे महिन्यातला. अख्खं कुटुंब एका खोलीत कूलरपुढे झोपलेलं, कूलर असा घरघरतो की दारात ट्रक उलटला तरी कळू नये, आणि चोर बाजूची खोली आरामात साफ करून जातो. बंदूक असती तर ती त्याच खोलीतल्या कपाटात असती. उशाखाली कोण ठेवणार? सुट्ट्यांत नातवंडं आलेली असतात. राहिलं चेन स्नॅचिंग. ते दोन सेकंदांचं काम. स्कूटीवरच्या बाईने हँडल सोडून पर्समध्ये हात घालायच्या आत तो पुढच्या सिग्नलला पोचलेला असतो.

माझी नोकरी बँकेत गेली. आमच्या शाखेत एक गनमॅन होते, कामठीच्या गार्ड्स सेंटरमधून आलेले, रिटायर्ड फौजी. स्वतःच्या लायसन्सची बारा बोरची डबल बार. कॅश आली की दाराशी उभे राहायचे आणि बंदुकीच्या पट्ट्याचा एक वेढा मनगटाला घातलेला असायचा. चहा घेतानासुद्धा तो वेढा सुटत नसे. लघवीला जायचं तरी बंदूक खांद्यावर. आमच्यातल्या एका हौशी क्लार्कने फोटोपुरती हातात मागितली तेव्हा त्या शांत माणसाने असं झापलं होतं की काउंटरवरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एकदा मी विचारलं, दरोडा पडला तर काय कराल? ते म्हणाले, "साहेब, दरोड्याचं टेन्शन नाही. ही कोणी माझ्या हातून हिसकली तर, त्याचं टेन्शन आहे." दिवसभर ते बँक राखत होते की बंदूक, हे सांगणं अवघड. निवडणूक लागली की परवानाधारकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. यांना ड्युटीसाठी सूट हवी असायची, म्हणून बँकेचं पत्र घेऊन ठाण्यात चकरा. ती पत्रं मी टाइप करून दिलेली आहेत. लष्करात आयुष्य काढलेला माणूस बंदुकीला एवढा जपून होता, आणि आमच्या ग्रुपवर ज्यांना गाडीचा हॉर्न कधी वाजवायचा ते कळत नाही, त्यांना पिस्तूल हवं आहे.

आता अमेरिका. तिथे बंदूक बाळगण्याचा हक्क घटनेत आहे, १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपासून. तो हक्क फक्त मिलिशियापुरता, म्हणजे नागरिकांच्या फौजेपुरता, की एकेका माणसाचा, यावर तिथे पिढ्यानपिढ्या भांडण चाललं. २००८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. २०२२ मध्ये तो घराबाहेरही नेला. तिथले बंदूकवाले सगळे माथेफिरू आहेत असं मी म्हणणार नाही. शेजारचं घर मैलभर लांब आणि शेरिफची गाडी यायला अर्धा तास, अशा ठिकाणी राहणाऱ्याचा युक्तिवाद मला समजतो. पण निकाल काय दिसतो? स्मॉल आर्म्स सर्व्हे या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार तिथे दर शंभर माणसांमागे १२० बंदुका आहेत, आपल्याकडे पाचच्या आसपास. २०२१ या एका वर्षात तिथे बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. म्हणजे चोरासाठी आणलेली बंदूक घरच्याच माणसाच्या हाती लागली. निराशेच्या त्या घडीला हाताशी काय आहे यावर खूप काही ठरतं, हे विदर्भात राहणाऱ्यांना मी काय सांगावं? ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना मारलं, तेव्हा तिथल्या सरकारने काही महिन्यांत कायदे आवळले आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. ग्रुपवर त्या देशाचं उदाहरण कोणी देत नाही.

एकाने लिहिलं, "हे इंग्रजांचे कायदे, आपल्याला नामर्द करायला आणलेले." अर्धं खरं आहे. १८७८ चा आर्म्स ॲक्ट लॉर्ड लिटनच्या काळातला. हिंदी माणसाला परवाना लागायचा, युरोपियनाला सूट. त्याचा राग आपल्या पुढाऱ्यांना होताच, आणि १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मान्य केलेला आहे. पुढची गोष्ट तर आपल्या घरची. घटना समितीत हा हक्क मूलभूत हक्कांमध्ये घाला अशी दुरुस्ती मांडली हरी विष्णू कामत यांनी, आणि कामत निवडून गेले होते मध्य प्रांत-वऱ्हाडातून, ज्याची राजधानी नागपूर. डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना उत्तर दिलं. त्याचा आशय असा की आग्रह धरायचा तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरा; देशावर संकट आलं तर राज्य नागरिकाला शस्त्र उचलायला बोलावू शकतं, पण सरसकट प्रत्येकाला हक्क देणं शक्य नाही. कामतांची दुरुस्ती पडली. म्हणजे इंग्रज गेल्यावर, इंग्रजांवर चिडलेल्याच लोकांनी, समोरासमोर चर्चा करून हे ठरवलेलं आहे. १९५९ चा शस्त्र कायदा त्या निर्णयानंतरचा. बाकी स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने आपल्याला आहेच, पूर्वी आयपीसीत होता, आता भारतीय न्याय संहितेत आहे. काठीने करा, विटेने करा. त्यासाठी पिस्तूल मिळणं हा हक्क नाही, एवढंच.

आणि परवाना मिळतो कोणाला, हे बघा की भाऊ. माझा खरा मुद्दा हा आहे. नियमात सगळं लिहिलेलं आहे: जिवाला धोका असल्याचं कारण, पोलिस चौकशी, वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण. तरीही आपल्याकडे परवाना हे संरक्षणाचं साधन कमी आणि वजन दाखवायचं जास्त. लग्नात शर्ट जरा वर सरकवून कमरेचं होल्स्टर दिसेल असा उभा राहणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल तर तुम्ही नागपुरातल्या लॉनमध्ये जेवलेलेच नाही. प्लॉटचा धंदा, मागे दोन पोरं, आणि धोका कोणापासून? तर बहुतेक वेळा ज्याचा प्लॉट त्याने दाबला त्याच्यापासून.

२०२४ चा फेब्रुवारी आठवा. उल्हासनगरात पोलिस ठाण्याच्या आत, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये आमदार गणपत गायकवाड यांनी गोळ्या झाडल्या. आठवड्याच्या आत मुंबईत फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा खून झाला. पिस्तूल मारेकऱ्याच्या बॉडीगार्डचं, परवान्याचं. त्याच वर्षी मुळशीत शेतजमिनीच्या वादात पिस्तूल नाचवणाऱ्या बाईंचा व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. मग डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर लोकांनी मोजायला घेतलं तेव्हा कळलं की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेवर शस्त्र परवाने आहेत. बोंबाबोंब झाल्यावर प्रशासनाने शेकड्यांनी रद्द करायला सुरुवात केली. जे रद्द करता आले, ते दिले कशाला होते? हे कोणी विचारलं नाही, किंवा विचारलं आणि उत्तर मिळालं नाही.

गृह मंत्रालयाचे २०१६ अखेरचे आकडे आहेत. उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाखांच्या घरात परवाने, महाराष्ट्रात ८४ हजार. परवान्यांनी सुरक्षितता येत असती तर आपण सगळे एव्हाना उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीत फ्लॅट बुक करून बसलो असतो. तिथल्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळीने माणसं मरतात, म्हणून तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी वेगळी शिक्षा घालावी लागली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. त्याच दुरुस्तीत एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं झालं, ते बरं झालं. पण परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, हे मला अजिबात पटलेलं नाही. पाच वर्षांत माणसाचा धंदा बुडतो, दारू वाढते, डोकं फिरतं. तपासणी लवकर व्हायला पाहिजे होती, उशिरा नाही.

ग्रुपवर एका ताईंनी आपल्या नागपुरातल्या कस्तुरबानगरचा दाखला दिला आणि तो मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अक्कू यादव नावाच्या गुंडाने त्या वस्तीतल्या बायकांचं जगणं वर्षानुवर्षं हराम केलं होतं. तक्रारी जात होत्या, काही होत नव्हतं. १३ ऑगस्ट २००४ ला भर कोर्टात बायकांच्या जमावाने त्याला संपवलं. मिरचीपूड आणि घरातले चाकू. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. ताई म्हणतात, त्या बायकांकडे बंदुका असत्या तर एवढी वर्षं सोसावं लागलं नसतं. ताई, त्या वस्तीतल्या मोलकरणीला परवाना दिला असता कोणी? चौकशीचा कागद ज्या ठाण्यात जाणार होता, ते ठाणं तिची साधी तक्रार घेत नव्हतं. परवाने स्वस्त झाले असते तर पहिली बंदूक अक्कूच्या एखाद्या ओळखीच्याच्या नावावर निघाली असती. तिथे पोलिसांनी पोलिसांचं काम केलं नाही. ती कसर बंदूक कशी भरून काढणार?

नागपुरात गोळी चालते ती बहुतेक वेळा परवान्याची नसतेच. देशभरातच बंदुकीने झालेल्या खुनांत बेकायदा हत्यारांचा वाटा फार मोठा आहे. आपल्याकडे तर अजूनही चाकू पुढे आहे, पण कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, वाढतोय. दर थोड्या दिवसांनी पेपरात तोच फोटो: टेबलावर देशी कट्टा, बाजूला दोन जिवंत काडतुसं, समोर तोंड झाकलेला पोरगा उकिडवा, मागे सात-आठ पोलिस ओळीने उभे. माल कुठून येतो हे सगळ्यांना माहीत आहे. मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर, बडवानी, खरगोन भागातले अड्डे नवीन नाहीत. पोरगा पकडला जातो. विकणारा, आणणारा, घडवणारा यांचे फोटो क्वचितच येतात. २०१९ नंतर बेकायदा हत्यार बनवण्या-विकण्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप आहे. अर्जच करायचा तर या कलमाखाली आपल्या शहरात किती जणांना शिक्षा लागली ते विचारणारा करा. मी सगळ्यात वर सही करतो.

एका माणसाची मागणी मात्र मला खरंच रास्त वाटते आणि तो आमच्या ग्रुपवर नाही. तो काटोल, नरखेड, कुही, उमरेडकडचा शेतकरी. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं एका रात्रीत एकर उलथून टाकतात, उरलेलं रोही, म्हणजे नीलगाई, खातात. माझा आतेभाऊ कुहीकडे शेती करतो. हंगामात त्याची जागल, म्हणजे रात्रीची राखण, चुकत नाही. मचाणावर कांबळं, टॉर्च, फटाके, आणि पत्र्याचा डबा बडवायला लोखंडी कांब. शेजारच्या धुऱ्यावर कोणीतरी कुंपणात करंट सोडलेला असतो, त्यात डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, आणि कधी पहाटे मोटर सुरू करायला गेलेला माणूस मरतो. कायद्यात या शेतकऱ्यासाठी जागा आहे बरं का. १९५९ च्या कायद्यातच पीक राखायला भरमार बंदुकीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या बंदुकीच्या, परवान्याची सोय लिहिलेली आहे. पण तिकडे गडचिरोलीत नक्षलवादामुळे भरमारी जमा करून घेण्यावर भर, आणि इकडे अर्ज केला की हेलपाटे. परवाना मिळाला तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी. आतेभाऊ म्हणतो, "दादा, कागद येईस्तोवर डुकराची तिसरी पिढी वावरात येते."

होल्स्टरवाल्याची फाइल शिफारशीच्या चिठ्ठीसकट पुढे सरकते आणि याची तहसीलच्या कपाटात पडून राहते. म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो आहे: जिल्ह्यात पीक संरक्षणासाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, आणि त्याच काळात जिवाला धोका या कारणाखाली किती परवाने दिले. उत्तर आलं की इथेच टाकीन. काटोल, कुही, उमरेडकडच्या कोणी भरमारीसाठी अर्ज केला असेल तर तो कुठल्या टेबलावर अडकला ते कमेंटमध्ये लिहा.