घरी कार्ट्रिज भरून नव्वद टक्के बचत? जरा थांबा

इंकजेट प्रिंटरच्या कार्ट्रिजबद्दल, म्हणजे शाईच्या डबीबद्दल, ‘कार्ट्रिज घरी भरा आणि छपाईचा नव्वद टक्के खर्च वाचवा’ हा मजकूर फिरत फिरत माझ्यापर्यंत आत्तापर्यंत चारदा आला. शाई म्हणजे रंगीत पाणी, कुठलीही चालते. काम पाच मिनिटांचं. एकच कार्ट्रिज हवं तितक्या वेळा भरा. प्रिंटर ‘शाई संपली’ म्हणतो तो निव्वळ बनाव. असं सगळं त्यात ठासून लिहिलंय. मी स्वतः कित्येक वर्षं कार्ट्रिज भरतोय, हे लिहितानाही बोटं निळी आहेत. म्हणूनच राहवत नाही.

आधी ते नव्वद टक्के. सुट्या शाईचा भाव आणि नव्या कार्ट्रिजमधल्या शाईचा भाव मिलिलिटरच्या हिशेबाने शेजारी मांडले तर प्रचंड फरक दिसतो, हे खरंच आहे. पण कार्ट्रिजमधली सगळी शाई कागदावर जात नाही. हेड क्लीनिंग (शाई उडवणारा भाग, म्हणजे हेड, शाईनेच साफ करणं) दिलं की बरीचशी प्रिंटरच्या पोटातल्या वेस्ट इंक पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, जिरते, आणि भरलेल्या कार्ट्रिजला ते क्लीनिंग हमखास जास्त लागतं, कारण आत हवा शिरलेली असते. त्यात महिन्याला चार पानं छापणाऱ्याची शाई संपतच नाही, नोझलच्या, म्हणजे शाई बाहेर पडते त्या भोकांच्या, तोंडाशी वाळून जाते. त्याला शाई फुकट दिली तरी तो फारसं काही वाचवणार नाही. रोज छापणाऱ्याची बचत मात्र खरी आहे. मजकुरात हा फरकच नाही.

‘कुठलीही शाई चालते’ हे तर सगळ्यात महागात पडणारं वाक्य. शाई दोन जातींची असते. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो, पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय असतात. एकीच्या जागी दुसरी ओतली तर ती गाठी धरू शकते, आणि नोझलचं भोक केसापेक्षाही बारीक असतं. शिवाय शाई उडवायच्या पद्धती वेगळ्या. एचपी आणि कॅननच्या प्रिंटरमध्ये एक इवलासा हीटर काही मायक्रोसेकंदांत शाईची वाफ करतो आणि त्या बुडबुड्याच्या धक्क्याने थेंब बाहेर पडतो. एप्सन आणि ब्रदरमध्ये विजेने आकसणारा स्फटिक थेंब ढकलतो, तिथे शाई तापत नाही. तापायला बनवलेली आणि न तापवायची शाई एकच कशी असेल? पेनची शाई भरा म्हणणाऱ्यांना तर हात जोडतो.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट दडलीय. काही कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. ते तुंबलं तर कार्ट्रिज फेकायचं, विषय संपला. जिथे हेड प्रिंटरमध्ये कायमचं बसवलेलं असतं तिथे तुंबला तो प्रिंटरच.

पाच मिनिटं? हात बसल्यावर, कदाचित. तीनरंगी कार्ट्रिजचा स्टिकर सोलला की भोकं दिसतात, पण कोणत्या भोकाखाली कोणता रंग हे मॉडेलनुसार बदलतं. आधी टूथपिक घालून टोकाला काय लागतं ते पाहायचं, मग सिरिंजची सुई आतल्या स्पंजमध्ये खोल घालून थेंब थेंब ढकलायचं. भोकाशी शाई चमकली की थांबायचं, जराशी मागे ओढायची. स्पंजच शाई धरून ठेवतो, तो ओथंबला की खालून गळती सुरू. शेवटी नोझल ओल्या टिश्यूवर टेकवायचं. तीन स्वच्छ पट्टे उठले तर जमलं. पिवळा हिरवट दिसला तर समजा, निळा शेजारी घुसलाय, आणि पुढची कित्येक पानं वाया.

‘हवं तितक्या वेळा’ हेही नाही. हीटरवर हळूहळू जळका थर बसतो, छपाई फिकी होत जाते. शाईच त्या हीटरला थंडही ठेवते, म्हणून पूर्ण कोरडं होईपर्यंत छापत राहिलात तर हेड लवकर मरतं. थोडी शाई शिल्लक असतानाच भरावं.

बनावाचा आरोप अर्धा बरोबर. बरेचसे प्रिंटर शाई मोजत नाहीत, उडवलेले थेंब मोजून अंदाज बांधतात, त्यामुळे भरल्यावरही ‘रिकामं’ दाखवतात. बऱ्याचदा ती सूचना बंद करून पुढे छापता येतं. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी परक्या चिपची (चिप म्हणजे प्रिंटरला कार्ट्रिजची ओळख पटवणारा तुकडा) कार्ट्रिज नाकारली आणि मोठा गदारोळ झाला, तो रास्तच होता. पण मूळ चिप असलेलं कार्ट्रिज पुन्हा भरलं तर चालेल, असं कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं. अंदाजाने दिलेली सूचना आणि परकं कार्ट्रिज नाकारणं, मजकुराने या दोन्हींची खिचडी केलीय.

आणि मजकुरातलं ‘बाटलीतली शाई कंपन्यांना नकोच आहे’ हे वाक्य तर जुनं झालं. एप्सनने २०१० साली इंडोनेशियात टाकीवाला प्रिंटर आणला, नंतर कॅनन आणि एचपीनेही आणले. बाटली कंपनीचीच, ओतायचं आपण. शाई स्वस्त, यंत्र मात्र महाग, म्हणजे नफा शाईतून निघून यंत्रात गेला. रोज ढीगभर छापणाऱ्याने सिरिंज घेण्याआधी तो हिशेब करून पाहावा. माझा जुना प्रिंटर अजून चालतोय, तोवर माझी सिरिंजही चालू.