10,000 पावलं, 21 दिवस आणि वजनकाटा: फिरत्या मेसेजला उत्तर

परीक्षा संपल्या किंवा नवं वर्ष लागलं की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. विद्यार्थ्यांनो, फिट व्हायचंय ना? मग रोज 10,000 पावलं चाला. रोज सकाळी काट्यावर उभं राहा आणि दर महिन्याला वजन उतरवा. 21 दिवस खंड पाडू नका, सवय लागलीच समजा. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. अंग दुखलं नाही तर व्यायाम झालाच नाही. किती कॅलरी जळल्या ते मनगटावरचं घड्याळ सांगेल. आणि वर्गातला सगळ्यात फिट मुलगा गाठायचा, हे ध्येय.

मी शाळा-कॉलेजच्या मुलांचा व्यायाम घेतो, त्यामुळे हा मेसेज माझ्याकडे बहुतेक वेळा पालकांकडूनच येतो. हेतूबद्दल तक्रार नाही. पण त्यातले आकडे कुठून तरी उचलून भलतीकडेच चिकटवलेले आहेत.

आधी 10,000 पावलं. 1964च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं आणि 1965 साली तिथे पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. हा आकडा त्या यंत्राच्या नावातच होता. म्हणजे तो आला जाहिरातीतून, प्रयोगशाळेतून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचना पावलं मोजतच नाहीत, मिनिटं मोजतात. 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस धाप लागेल असा, स्नायू-हाडांवर ताण येईल असा व्यायाम. 18च्या पुढे आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल, किंवा त्याच्या निम्मा वेळ जोरकस, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. नववीतली मुलगी आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा यांचं माप इथेच वेगळं होतं. मेसेज दोघांना एकाच दावणीला बांधतो. शिवाय पोहणं, सायकल, दंडाची ताकद यातलं काहीच पावलांत धड मोजलं जात नाही. पावलं मोजायचीच असतील तर खुशाल मोजा, पण आधी एक नेहमीचा आठवडा काहीही न बदलता मोजा. सरासरी 3,000 आली तर पुढचा टप्पा 4,000चा. 10,000चा आकडा पहिल्याच दिवशी समोर ठेवला की मुलं तिसऱ्या दिवशी ॲपच उडवतात.

दुसरा मुद्दा वजनाचा, आणि या यादीतला मला सगळ्यात घातक वाटणारा. मुलींची उंची साधारण 12व्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची 14च्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते. या काळात वजन वाढणं अपेक्षितच असतं. अशा मुलाला ‘महिन्याला उतरव’ म्हणणं म्हणजे शरीर जे काम नीट करतंय तेच थांबव म्हणणं. मोठ्यांच्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन किती, याचं माप) सीमारेषा मुलांना लावायच्या नसतात. त्यांच्यासाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते असतात आणि ते डॉक्टरांनी वाचायचे असतात.

रोज काट्यावर चढण्यात आणखी एक गफलत आहे. जेवण, मीठ, पाणी, घाम यांमुळे वजन एका दिवसात किलोभर सहज इकडेतिकडे होतं. सकाळी काटा खाली आला म्हणून खूश झालेला मुलगा संध्याकाळी हिरमुसतो, आणि मधल्या वेळेत त्याच्या फिटनेसमध्ये काडीचाही फरक पडलेला नसतो. उलट महिनाभर नीट धावलेल्या मुलीचा दम वाढतो, जिने चढताना धाप लागेनाशी होते, आणि काटा मात्र जागचा हलत नाही. काट्यावर विश्वास ठेवला तर तिचा महिना फुकट गेला! मग जेवण तोडणं सुरू होतं. खाणं कमी आणि व्यायाम जास्त असं चालू राहिलं तर मुलींची पाळी अनियमित होऊ शकते, बंदही पडू शकते, आणि हाडं भरायच्या वयात ती कमजोर राहतात. वजनाची खरोखरच काळजी वाटत असेल तर ती डॉक्टरांकडे न्या. विद्यार्थ्याच्या ध्येयाच्या वहीत तो रकाना नको. वजन ठरवून हलवता येत नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार वीस मिनिटं दोरीउड्या मारणं ठरवता येतं.

21 दिवसांची गोष्ट मजेशीर आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने 1960च्या पुस्तकात लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळलं, चेहराही गळला, उरला आकडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यक, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त लागले असा आकडा, 66 दिवस निघाला. एकेका माणसाचे अंदाज 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरलेले होते. आणि मधली एखादी खेप चुकल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे ‘पुन्हा पहिल्यापासून’ ही शिक्षा मेसेजवाल्यांनी पदरची घातलेली. सर्दी झाली, चाचणी परीक्षा आली, दोन दिवस बुडाले, तर तिसऱ्या दिवशी जिथे होतात तिथूनच सुरू करा.

‘अंग दुखलं नाही तर व्यायाम झालाच नाही.’ नवीन व्यायाम केला की अंग आंबतं, साधारण 24 ते 72 तासांत ते सगळ्यात जास्त जाणवतं. तोच व्यायाम दोन-तीन आठवडे केला की आंबायचं थांबतं. मेसेजच्या हिशोबाने मग व्यायाम चालेनासा झाला म्हणायचा का? शरीर सरावलं, एवढाच त्याचा अर्थ. सांध्यात कळ आली तर मात्र तिथेच थांबायचं. आणि अचानक अतिरेकी व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली तर सरळ डॉक्टर गाठायचा, तिथे शौर्य दाखवू नये. व्यायाम किती जोरकस झाला हे बघायला दुखण्यापेक्षा बोलणं बरं: चालताना वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तर मध्यम, दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर जोरकस.

घड्याळाबद्दल थोडक्यात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 साली मनगटावरची सात उपकरणं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक 5 टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत सगळ्यात चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक 27 टक्के. तेव्हा घड्याळ ठोक्यांसाठी आणि वेळेसाठी वापरा, कॅलरीचा रकाना झाकून ठेवा. घड्याळ नसलं तरी अडत नाही. दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवायची. अंगठ्याने मोजू नये, त्याला स्वतःचे ठोके जाणवतात. मुलं 15 सेकंद मोजून चारने गुणतात. त्यात एक ठोका चुकला की उत्तरात चार चुकतात, म्हणून विश्रांतीची नाडी पूर्ण मिनिटभर मोजलेली बरी.

राहिला वर्गातला फिट मुलगा. एकाच वर्गातली दोन मुलं शरीराच्या वाढीत दोन-तीन वर्षं पुढे-मागे असू शकतात. लवकर वयात आलेला मुलगा पुढे असतो तो बऱ्याचदा त्यामुळेच. त्याला गाठायचं म्हणजे कॅलेंडरशी शर्यत. तुलना हवी ती स्वतःच्याच मागच्या नोंदीशी, आणि तीही तेव्हाच खरी, जेव्हा दोन्ही वेळा माप एकाच पद्धतीने घेतलेलं असतं. हे सोपं वाटतं, तसं नसतं. पुशअपचंच घ्या. पहिले सहा सुबक येतात. सातव्याला कोपर अर्धवट वाकतात, नवव्याला कंबर खाली लोंबते आणि छाती जमिनीपासून वीतभर वरच राहते, तरी मोजणारा मित्र ‘बारा, तेरा’ करत जातो. पुढच्या वेळी कडक मोजणारा भेटला की आकडा आठवर येतो आणि पोरगं म्हणतं, मी कमजोर झालो. म्हणून छातीखाली घडी केलेला टॉवेल ठेवायचा. छाती टॉवेलला लागली तरच एक. धावण्याला 12 मिनिटांत किती अंतर ही 1968 पासून वापरात असलेली कूपर चाचणी चालते: तेच मैदान, तीच वेळ, तेच बूट. भर उन्हात घेतलेली चाचणी पहाटेच्या चाचणीशी ताडून बघू नये.

दोन-तीन चाचण्या पुरेत आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी. दर आठवड्याला घेतल्या तर फरक दिसणार नाही, फक्त चाचणीचा कंटाळा येईल. ध्येय दोन ओळींत मावलं पाहिजे: आज टॉवेलला टेकून आठ पुशअप, सहा आठवड्यांनी अकरा, त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस, शाळेतून आल्यावर. सहा आठवड्यांनी आकडा हलला नसेल तर आधी वही उघडून बघा की ठरवलेले दिवस खरंच झाले का. झाले असतील तर व्यायाम थोडा अवघड करा, किंवा झोप आणि जेवण पुरतंय का ते बघा. झाले नसतील तर व्यायामाची वेळ बदला, आकडा तोच राहू द्या.