थाळनेरच्या किल्ल्यावर भूत आहे, पण कोणाचे?

धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरच्या किल्ल्यावर रात्री चित्रित केलेला आणखी एक व्हिडिओ परवा माझ्या फोनवर आला. त्यात पांढऱ्या साडीतली बाई होती, मुंडके नसलेला शिपाई होता आणि दर मिनिटाला दचकवणारे संगीतही होते. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, परंतु माझी तक्रार त्याबद्दल नाही. हेच भूत शनिवारवाड्यावर नेऊन उभे केले तरी चालेल, ही माझी तक्रार आहे; कारण त्यात थाळनेर कुठेच नाही.

वास्तविक तापीकाठच्या या ढासळलेल्या किल्ल्याला उसन्या भुताची काय गरज? महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाल्यावर सातपुड्याच्या दक्षिणेकडचा त्यांचा मुलूख तहाने इंग्रजांकडे गेला आणि २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरसमोर येऊन उभी राहिली. किल्लेदार तुळशीराम मामा शरण आला. तरीही आतल्या दरवाजापाशी बोलणी चालू असताना चकमक उडाली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर हे दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. हिस्लॉपने याला दगा म्हटले. एकमेकांची भाषा न कळल्यामुळे घोटाळा झाला, असेही सांगितले गेले. त्यानंतर आतल्या शिबंदीची, म्हणजे सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांची, कत्तल झाली. त्यांत अरब शिपाईही होते. शरण आलेल्या किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी देण्यात आले. या फाशीवरून पुढे खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात हिस्लॉपच्या वागण्याबद्दल प्रश्न उपस्थित केले गेले. (आपल्याकडे मात्र शाळेत मला थाळनेर भेटले ते खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी म्हणून, एका ओळीपुरते.)

जुन्या खानदेश सुभ्यातल्या असीरगडाची कथा पाहा. तिथे अश्वत्थामा भटकतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल-हळद मागतो आणि पहाटे गुप्तेश्वराच्या पिंडीवर ताजे फूल वाहून जातो, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुराव्याच्या कसोटीवर ही कथा टिकणार नाही. तरीही ऐकणाऱ्याला त्या माणसाचे नाव कळते, त्याचा अपराध कळतो आणि त्याचे दुखणेही कळते. मुंडके नसलेल्या शिपायाला यातले काहीच नाही, आणि तुळशीराम मामाचे नाव तर त्या संपूर्ण व्हिडिओत एकदाही येत नाही.

किल्ल्याखाली भेटलेल्या एका आबांना मी विचारले होते, की रात्री वर कोणी का जात नाही. ते हसून म्हणाले, "भूत नही शे रे भाऊ, साप शेतस." मग थोडे थांबून त्यांनी पडक्या दरवाजाकडे हात केला. आपल्या आजोबांच्या वेळचे लोक तिथून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घेत, एवढेच त्यांना ठाऊक होते. का, ते त्यांनाही कोणी सांगितलेले नव्हते.